पेटीतली साखळी

पांतेलिस : बस्स, अर्गिरो! नांगराला एवढी साखळी पुरे. अडकव आता.

अर्गिरो : पाणी चार वाव खोल आणि साखळी आठच वाव? म्हणजे सणाच्या दिवशी तू यंदाही बोटीवरच राखण करणार.

पांतेलिस : करावी लागते. उत्तरेचा वारा सुटला, की नांगर सरकतो.

अर्गिरो : लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. मारियामातेच्या देवळाच्या अंगणात सगळे जोडीनं फेर धरतात आणि माझा हात धरायला येतो तो पाववाला स्त्रातोस! एकदा तरी तू ये.

पांतेलिस : आणि बोट खडकावर गेली म्हणजे?

अर्गिरो : पेटीतली उरलेली साखळी काय गंजायला ठेवलीयस? सोड सगळी.

पांतेलिस : आमच्या कालिम्नोसच्या बंदरात लांब साखळी सोडणारा शिव्या खायचा. एकाची दुसऱ्याच्या साखळीवर पडायची.

अर्गिरो : इथे शिव्या कोण देणार, काठावरच्या त्या शेळ्या? मी याच खाडीत वाढले, पांतेलिस. खाली निव्वळ वाळू आहे. आखूड साखळी नांगराला वर उचलते. लांब साखळी तळाशी पहुडते, मग ओढ आडवी लागते आणि फाळ रुतत जातो. वाऱ्याला आधी तिचंच ओझं उचलावं लागतं.

पांतेलिस : बोट घेर मोठा घेईल.

अर्गिरो : घेऊ दे. खडक त्याच्याही पलीकडे आहेत.

पांतेलिस : आणि सकाळी एवढं लोखंड वर ओढायचं कुणी?

अर्गिरो : अस्सं! म्हणजे भीती वाऱ्याची नाही, कंबरेची आहे. मी येते ना रहाटाला.

पांतेलिस : ...हो बाजूला. सोडतो.

(देवळाचं अंगण. व्हायोलिन सुरू आहे.)

अर्गिरो : मान किती वेळा वळवशील?

पांतेलिस : डोलकाठी त्या अंजिराच्या झाडासमोर होती. आता डावीकडे गेली.

अर्गिरो : वाऱ्याबरोबर झुलतेय ती.

पांतेलिस : हं... आली परत.

अर्गिरो : पाय, म्हाताऱ्या! माझ्या पायावर आहे तुझा.

पांतेलिस : सवय कुठेय मला? स्त्रातोस बरा नाचत असेल.

अर्गिरो : बरा नाचतो. पण हाताला पिठाचा वास येतो त्याच्या.

पांतेलिस : माझ्या?

अर्गिरो : गंजाचा. घट्ट धर. वारा वाढलाय.

पांतेलिस : वाढलाय खरा... अंजिराचं झाड कुठल्या बाजूला गं?

अर्गिरो : तुझ्या पाठीमागे.

पांतेलिस : असू दे.