राखेतून काढलेला दांडा

न्हाई ओ भाऊ, आता काय करायचा तो जीपच्या स्टेरिंगचा नवा दांडा, घेऊन जावा माघारी. शितलच्या बापानं बाळापूरला तुमच्या दुकानात सांगून ठेवला होता हे खरं, पण तुमी म्हणले परवा, मग म्हणले उद्या, अन् आज आले ते बी जीप गेल्यावर — कुठं म्हणजे, शितलला घालवायला. लेक बाळंतपणाला आली होती, आज पाठवणी. औंढ्याचा उतार उतरलं की पलीकडं दिलीय तिला. बसा की, उन्हाचे आले, खाट सावलीलाच हाय. चहा टाकते, न्हाई म्हणू नका.

दांड्याबिगर गाडी गेली कशी, असं विचारून राहिले व्हय? अहो, केला आमी घरीच. स्टेरिंगचा जुना दांडा चिरला होता, तर हे भंगारातून दुसऱ्याच गाडीचा घेऊन आले — लांबीला बराबर, पण बाक वेगळा. म्हणले, जरा वाकवला अन् भोक कानशीनं मोठं केलं की बसतो. मशीन कशाला पाहिजे? हेक्सा, कानस, हातोडा, अन् ती बघा, पाट्याशेजारी ऐरण — माझ्या बापाची हाय ती. डोंगरकडा गावचे लोहार आमी. बाप गेल्यावर भाऊ म्हणला भंगारात घालू, मी म्हणलं मला दे, दुसरं काय मागत न्हाई. बाईमाणसानं ऐरण काहून आणली म्हणून लोक हसले. हसू द्या.

हितंच अंगणात खड्डा करून कोळसा पेटवला. भाता आता कुठला आलाय — शितलची केस वाळवायची मशीन होती, तिनंच वारा घातला. तुमी बी हसले ना? पण लालबुंद झाला दांडा. मी सांडशीनं धरला, यांनी हातोड्यानं वाकवला. यांचा हात चालतो, पण धरायचं काम यांना जमत न्हाई, ते बापाच्या हाताखालीच शिकावं लागतं. मग यांनी तो राखेत पुरला अन् मला म्हणले, द्वारके, याला हात लावू नकोस, सावकाश गार होऊ दे, पाण्याच्या तर जवळ बी नेऊ नकोस. अन् गेले व्याह्यासाठी पेढे आणायला.

आता तुमीच सांगा भाऊ, दुपारून अवस लागून राहिली होती. तान्हं लेकरू अवसंत उंबऱ्याबाहेर काढत न्हाईत आमच्यात. माझ्या थोरल्या बहिणीनं काढलं होतं, नवऱ्याच्या आग्रहानं, तिचं लेकरू हाताला लागलं न्हाई. ते मी डोळ्यांनी पाह्यलंय. अन् राखेतलं लोखंड गार व्हायचं म्हणजे दिवस बुडला. उद्यावर ढकलावं म्हणलं, तर व्याही आधीच तोंड फिरवून बसलेत — पोरगी झाली म्हणून एक फेरी मारली न्हाई त्यांनी पाहायला. आजचं बोलावणं बी आमीच फोन करकरून आणलेलं. शितल सारखी विचारायची, आई, मला नेतील ना गं? लेकीनं असं विचारलं की माईला काय वाटतं, ते तुमाला न्हाई कळायचं.

म्हणून म्हणलं, अवस लागायच्या आत गाडी निघालीच पाहिजे. अन् हे तुमाला म्हणून सांगते, यांच्या कानावर घालू नका — हे तिकडं गेले अन् मी तो दांडा सांडशीनं राखेतून काढला. लाली गेली नव्हती अजून. घातला बादलीत. चर्रकन वाजलं, अंगणभर वाफ झाली, झाला गार. पुसला अन् परत राखेत ठेवून दिला. हे आले, हात लावून म्हणले, लवकर गार झाला की गं. मी शितलच्या पिशवीत डिंकाचे लाडू भरत बसले.

असं काहून पाहून राहिले माझ्याकडं?

ठिसूळ? कोण म्हणतं ठिसूळ? भाऊ, तुमी डब्यातलं लोखंड विकता, मी लोखंडात वाढले. पाणी दिल्याबिगर लोखंडाला जोर येत न्हाई. इतका कडक झाला होता म्हणून सांगू, बसवायच्या आधी यांनी भोकाचा काठ साफ करायला घेतला तर कानस नुसती घसरून राहिली, कीस म्हणून पडंना. हे म्हणले, कानस बोथट झाली वाटतं. मी मनातल्या मनात हसले, म्हणलं कानस बरी हाय, काम माझ्या बापाच्या हातचं हाय.

फोन कुणाला लावून राहिले? यांना? लावा, पण — ऐका. वाजला ना? घरातच, फडताळावर. गडबडीत विसरून गेले. शितलचा मी मघाशी लावून पाह्यला, लागंना. त्या वाटेला रेंजच नसती.

अहो बसा, उठता काहून? पटत न्हाई ना तुमाला, मग ऐका, माझा बाप कसा करायचा ते सांगते. विळा लाल करायचा. ठोकून बाक द्यायचा. मग पाण्यात — चर्र. बाहेर काढला की वाळूत घासायचा, चकचकीत होस्तोर. मग परत विस्तवाच्या कडंला धरायचा, जराच, रंग चढंस्तोर. आधी पिवळा, मग जांभळा. मी लहानपणी विचारलं बी होतं, आबा, झाला ना कडक, मग परत आगीवर काहून? तर आबा म्हणले, पोरी, परत न्हाई धरला तर दगडाला नुसता लागला तरी बांगडीवानी…

…

बांगडीवानी म्हणले होते.

मी परत धरलाच न्हाई, भाऊ. बादलीतून काढला तसाच ठेवला.

चहा राहू द्या. तुमची मोटरसायकल चालू करा. तो नवा दांडा घ्या संगं, पाने घ्या, उतार लागायच्या आत गाठा त्यांना, आडवी घाला गाडी. शितल पुढं बसलीय, बापाच्या शेजारी, लेकरू मांडीवर — मीच बसवलं तिला पुढं, मागं धक्के लागतील म्हणून. माझ्याकडं काय पाहून राहिले? जावा. जावा म्हणते ना.