बांध कोरणाऱ्याची गोष्ट

कथास्पर्धेचा परीक्षक? मी? पुन्हा नाही रे बाबा! नांद्याच्या शाळेत मेंढपाळाची काजल पहिली आली. बक्षीस घेताना तिनं गोष्ट वाचली: एक शेतकरी दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याचा बांध थोडा थोडा कोरतो. नाव कुणाचंच नव्हतं. तरी पालकांतून एक जण ताडकन उठला.

“माझ्यावर कशापायी लिवलं हिनं?”

त्याचा शेजारी बाह्या सारत आला. “म्हंजे तूच कोरतुयास व्हय?”

मी मध्ये पडून म्हणालो, “अहो, पोरीची कल्पना आहे ती!”

काजल माइकवरच बोलली, “कल्पना न्हाई, सर. हितल्या समद्याच बांधांवरनं आदी दोन मेंढरं जोडीनं जायची. आता एकच मावतंय.”

बाह्या सारून आलेला शेजारी सगळ्यांत आधी खाली बसला.