भरतीच्या आधीची बॅटिंग

रविवारी किहीमला काय झालं ते ऐकलंत का? नसेल तर चहा बाजूला ठेवा.

आपली मॅच ओहोटीच्या वाळूवर चालते आणि भरतीचं पाणी स्टंपला लागलं की संपते. मी पडलो अकराव्या नंबरचा. माझी बॅटिंग यायच्या आधी दरवेळी समुद्रच येतो.

त्या दिवशी आपल्या सलामीच्या मन्याची दिघीची फेरीबोट चुकली. मी एरवी तोंड उघडत नाही, पण कॅप्टन बाळादादाला एका दमात सांगून टाकलं, "दादा, शंभरएक वर्षांपूर्वी इंग्लंडचा एक ऑलराउंडर होता. माझ्यासारखाच डावखुरा, स्लो बॉलर. अकराव्या नंबरवरून सुरुवात केली आणि पुढे देशासाठी सलामीला गेला!"

"त्याच्या पिचवर भरती येत होती काय रे?" दादा हसला. "जा! पण लवकर आउट झालास तर सगळ्यांच्या बॅटी तू धुवायच्या."

मी आउट झालोच नाही! पाणी स्टंपपासून हातभर लांब, म्हणजे हा शेवटचाच बॉल, आणि जिंकायला तीन हवे होते. मी सरळ समुद्रात मारला. तरंगता बॉल आपल्यात चालूच धरतात ना! फिल्डरने हात घातला की लाट बॉल पुढे न्यायची. आम्ही पळत सुटलो. तिसरी धाव झाली आणि अख्खी टीम पाण्यात नाचायला लागली.

दादाने मला खांद्यावरच घेतलं. "पुढच्या रविवारी सलामीला तूच! आणि त्या तुझ्या इंग्रजाला निरोप दे, आपल्याकडं अकराव्या नंबरची जागा रिकामी झाली हाय."