पाणीखात्याच्या साहेबांस, टँकरमालकांच्या वतीने

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शहराचे सन्माननीय नगराध्यक्ष, व्यासपीठावरचे पाणीखात्याचे वरिष्ठ अधिकारी, उद्यापासून साहेबांच्या खुर्चीत बसणाऱ्या नव्या बाई, सत्कारमूर्ती साहेब, पहिल्या रांगेतल्या वहिनी, टेकडी वसाहतीतले सर्व सभ्य स्त्री-पुरुष, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे टँकरचालक बंधू, आपणा सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. निवेदकांनी ती देताना घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघितलं, यावरून त्यांनी मला पूर्वी ऐकलेलं असावं.

टँकरमालक संघटनेच्या अध्यक्षाने पाणीखात्याच्या मुख्य अभियंत्याच्या निरोपाला बोलावं का, यावर खात्यात बरीच चर्चा झाली म्हणे. एक अधिकारी मला फोनवर म्हणाले, "अहो, ते बरं दिसणार नाही." मी म्हटलं, "का? डॉक्टरांचा सत्कार असला की औषधाचा दुकानदार बोलत नाही का?" मग त्यांनी माझं नाव यादीत घातलं. आणि खरं सांगा, साहेबांच्या कारकिर्दीबद्दल आमच्याइतक्या कृतज्ञतेने बोलेल असं या शहरात दुसरं आहे तरी कोण? साहेब रुजू झाले तेव्हा आमची संघटनाच नव्हती. संघटनेला निदान दोन माणसं लागतात, आणि टँकर एकट्या माझ्याकडे होता. तोही मुळात दुधाचा. आज आमच्या गाड्या एकामागे एक लावल्या तर बाजारचौकातून नदीचा पूल दिसत नाही. हे कोणामुळे झालं? आम्ही कष्ट केले हे खरंच, पण साहेबांनी आम्हाला जी मोकळी जागा ठेवली, ती कष्टाने मिळत नसते.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं अवघड जाणार नाही. आज सकाळी, नोकरीतल्या शेवटच्या सहीने, साहेबांनी आमची विहीर बंद केली. नदीकाठची विहीर, जिच्यावर आमच्या सगळ्या गाड्या भरतात. तिच्या पंपाला सील लागलं आहे. उद्या सकाळी गाड्या कुठे भरायच्या आणि नदीकाठच्या वस्तीने काय प्यायचं, हे दोन प्रश्न आणि हा पुष्पगुच्छ घेऊन मी इथे आलो आहे. पुष्पगुच्छ दिलेला आहे. साहेब, मनःपूर्वक अभिनंदन.

साहेब तरुणपणी कसे होते ते इथल्या फार थोड्या लोकांनी पाहिलं आहे. एक लोखंडी कांब रस्त्याला टेकवायचे, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचे आणि खाली पाइप कुठे गळतोय ते ऐकायचे. बायका म्हणायच्या, हा माणूस रस्त्याला काय विचारतो? एकदा अशीच बाजारात मोठी गळती सापडली. साहेबांनी रस्ता खणला. दोन दिवसांत सगळे दुकानदार खात्याच्या दारात. कापडवाले शेठ म्हणाले, "साहेब, पाणी उद्या आलं तरी चालेल, गिऱ्हाईक आज यायला हवं." वरून हुकूम आला, खड्डा बुजवा. साहेबांनी बुजवला. गळती आत राहिली. ती अजून आहे, तिची तब्येत उत्तम आहे.

तरीही साहेबांनी एक काम तडीस नेलं. मोठ्या टाकीपासून नदीकाठच्या वस्तीपर्यंत स्वच्छ पाण्याचा पाइप टाकला. उद्घाटन झालं, वस्तीतल्या नळांना पाणी आलं, एका म्हातारीने नळाखाली हात धरून "थांबतच नाही की गं" म्हटल्याचं मला आठवतं. पण पाण्याला उताराची ओढ. वस्ती खाली, आपली वसाहत टेकडीवर. वस्तीत नळ सुटले आणि इथे वरती नळ कोरडे पडले. त्या वेळचे एक फार मोठे अधिकारी अंगाला साबण लावून उभे होते. त्यांनी तसाच फोन केला. संध्याकाळच्या आत चौकातला व्हॉल्व्ह फिरवून वस्तीचं पाणी बंद करण्यात आलं. तात्पुरतं. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींइतकं टिकाऊ काही नसतं. व्हॉल्व्हवर लोखंडी झाकण आलं, आणि त्या झाकणावर सोयीची सपाट जागा म्हणून माझी एक गाडी उभी राहू लागली. दर उन्हाळ्याला वस्तीतले लोक साहेबांकडे जायचे. साहेब म्हणायचे, "दाब कमी आहे, अभ्यास चालू आहे." लोक परत यायचे आणि वाटेत माझ्या कार्यालयात थांबून टँकर सांगायचे.

आमचा धंदा वाटतो तितका सोपा नाही बरं का. विहीर वस्तीच्या इतकी जवळ की गाडी भरून निघाली की लगेच पोचायची. तर लोक नाराज. "इतक्या लवकर आलात? म्हणजे इथलंच कुठलं तरी घाण पाणी दिसतंय." तेव्हा आमच्या मामांनी, म्हणजे आमच्या सगळ्यांत जुन्या चालकांनी, पद्धत पाडली. गाडी भरायची, पुलाखाली लावायची, चहा घ्यायचा, एक डुलकी काढायची आणि मग घामेघूम चेहऱ्याने वस्तीत शिरायचं. लोक म्हणायचे, "बिचारे किती लांबून आणतात." मामा, हसू नका, व्यासपीठावरून दिसतं.

पुढे नदीच्या वरच्या अंगाला कपडे रंगवण्याचे कारखाने आले. माझी बायको म्हणते, पुढच्या हंगामात कोणता रंग चालणार हे बघायला दुकानात कशाला जायचं, पुलावर उभं राहावं. गावाचं सांडपाणीही तिथेच मिळतं. नदीचं पाणी झिरपून आमच्या विहिरीत येणार, यात विहिरीचा काय दोष? आम्ही तुरटी फिरवत होतो, औषध टाकत होतो. कोणी विचारलं, पाणी पिवळट का, तर चालक सांगायचे, क्षार आहेत, अंगाला चांगले. वस्तीत दर उन्हाळ्याला कावीळ यायची. यायची आणि जायची. जाताना कोणाला तरी बरोबर न्यायची. त्यावर खात्याचं म्हणणं असं होतं की लोक हात धूत नाहीत. कशाने धुवायचे, हा विषय दुसऱ्या विभागाकडे होता.

साहेबांनी स्वतःचं घर घेतलं ते बाजारामागच्या इमारतीत, सगळ्यांत वरच्या मजल्यावर. तिथे त्यांच्याच खात्याचं पाणी चढत नाही. म्हणून त्या इमारतीला आमचा टँकर. साहेबांच्या घरी आमचं पाणी जातं, ही गोष्ट मी अनेक ठिकाणी अभिमानाने सांगितली आहे. या वर्षी सूनबाईंना दिवस गेले होते. सातव्या महिन्यात त्यांना कावीळ झाली.

सूनबाई वाचल्या. बाळाबद्दल मी या माइकवरून बोलणार नाही.

वहिनी, माफ करा. तुम्ही माझ्या बायकोजवळ बोललात आणि तिने मला सांगितलं, बायकोच्या पोटात काही राहत नाही. दवाखान्यातून आल्यावर तुम्ही साहेबांना म्हणालात, "जन्मभर पाणीखात्यात काढलात. तुमच्या निरोपाला लोक भाषणं करतील, त्यात हे कोण सांगेल?" वहिनी, मी सांगितलं. ज्याने सांगायला नको होतं त्यानेच सांगितलं, पण दुसऱ्या कोणाच्या भाषणात ते येईल असं मला दिसत नव्हतं. आत्तापर्यंतची चारही भाषणं मी लक्ष देऊन ऐकली.

त्यानंतर साहेब स्वतः आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत गेले. अहवाल आला त्या दिवशी ते माझ्या घरी आले. माझ्या घरी ते पहिल्यांदाच आले होते. आम्ही नेहमी त्यांच्या कार्यालयात भेटायचो.

"अध्यक्ष, विहीर बंद करावी लागेल."

मी म्हटलं, "साहेब, महिना राहिलाय तुमचा. अभ्यास करा की."

"झाला."

"आणि वस्तीने काय प्यायचं?"

"तोच विचार करतोय."

मी म्हटलं, "आम्हीही तोच विचार केला होता, म्हणून तर गाड्या घेतल्या."

साहेब हसले नाहीत. समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसले. आमची ही दारातून म्हणाली, "घ्या भाऊजी, उकळलेलं आहे. आम्ही घरात उकळूनच पितो." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर माझ्याच गाड्या उभ्या होत्या, प्रत्येकीवर मागे 'शुद्ध पेयजल' असं लिहिलेलं.

मला वाटलं होतं, निवृत्तीच्या तोंडावर माणूस हळवा होतो, आठवडाभरात निवळेल. आज सकाळी सील लागलं तेव्हा कळलं की निवळला नाही. तरीही मला काळजी वाटली नाही. म्हटलं, वस्ती दोन दिवस तहानेल, आरडाओरडा होईल, नगराध्यक्षच सील काढायला सांगतील. हे मी मनात म्हटलं होतं. पण आत्ता जेवणानंतर मामांनी मला बाजूला घेतलं.

मामा म्हणाले, "मालक, एक सांगायचंय. सील लावून झाल्यावर, इकडे समारंभाला येताना साहेब चौकात थांबले होते. म्हणाले, मामा, गाडी जरा पुढे घेता का?"

"मग?"

"घेतली."

"त्या झाकणावरची गाडी? अहो मामा, कशाला घेतलीत?"

"मालक, माणसाचा शेवटचा दिवस. त्याला नाही कसं म्हणायचं?"

"आणि मग?"

"मग ते खाली उतरले. व्हॉल्व्ह गंजून बसलेला, हलेना. इस्त्रीचा शर्ट पार काळा झाला हो त्यांचा. मला बघवेना. म्हणून मी थोडं डिझेल ओतलं."

"आपलं डिझेल?"

"आपलंच. आणि मोठा पानाही दिला. मग दोघांनी मिळून फिरवला."

तर सभ्य स्त्री-पुरुषहो, मघापासून आपल्यापैकी अनेक जण जेवणाचे हात घेऊन बेसिनपाशी जात आहेत आणि तसेच परत येऊन रुमाल शोधत आहेत. सभागृहाच्या नळाला काहीही झालेलं नाही. पाणी वस्तीत गेलं आहे. आपल्या घरीही आता हीच परिस्थिती असेल, काहींना घरून फोन येऊ लागलेले मला दिसत आहेत.

माझं भाषण चालू असताना नगराध्यक्ष नव्या बाईंच्या कानात काहीतरी बोलले. त्यांचा माइक बंद करायचा राहिला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता माणूस पाठवून तो व्हॉल्व्ह बंद करा." बाई म्हणाल्या, "करते सर. पण विहीर बंद आहे. व्हॉल्व्हही बंद केला तर वस्तीला पाण्याचा थेंब नाही, तसा लेखी हुकूम लागेल." नगराध्यक्ष म्हणाले, "मग विहीर उघडा." बाई म्हणाल्या, "त्याला पाणी पिण्यायोग्य असल्याचा दाखला लागेल. सही कोण करणार, सर?"

नगराध्यक्ष तेव्हापासून शांतपणे टाळ्या वाजवत आहेत. निवडणूक जवळ आहे, आणि मतांच्या बाबतीत वस्ती टेकडीपेक्षा बरीच उंच आहे.

साहेब, मी तुम्हाला इतकी वर्षं ओळखतो, म्हणजे ओळखत होतो असं मला वाटत होतं. तुम्ही एक दार लावलंत आणि दुसरं असं उघडलंत की आता पहिलं उघडल्याशिवाय दुसरं लावता येत नाही. हे तुम्हाला तरुणपणी सुचलं असतं तर आमची संघटना झाली नसती. त्याबद्दल संघटना तुमची ऋणी आहे. वस्तीने काय म्हणायचं ते वस्ती म्हणेल. वहिनी मघापासून साहेबांच्या त्या काळ्या बाहीकडे बघत आहेत.

राहता राहिला आमचा धंदा. माणसाने रडत बसू नये. वस्तीला आता टँकर नको, पण टेकडीला हवा आहे. तुमच्यासारखं नियमित गिऱ्हाईक आम्हाला कधी मिळालं नव्हतं. प्रश्न एवढाच की गाड्या भरायच्या कुठे, कारण या शहरात उद्या सकाळी पिण्यासारखं पाणी भरपूर असेल ते एकाच ठिकाणी, वस्तीच्या नळाला. म्हणून माझं नाव पुकारण्याआधी मी बाहेर जाऊन तिथल्या मावशींना फोन केला. कोपऱ्यावरचं घर, सार्वजनिक नळ त्यांच्याच दारात. टँकर आला की आमच्या चालकांशी सगळ्यांत जास्त भांडणाऱ्या त्याच. मी अतिशय नम्रपणे विचारलं, "मावशी, उद्या आमच्या दोन गाड्या भरून घेतल्या तर चालेल का? टेकडीवरच्या लोकांची अडचण आहे."

पलीकडे नळ चालूच होता, त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं. म्हणाल्या, "भर की बाबा. पाण्याला कोण नाही म्हणतं? पण आधी आमचे हंडे होऊ देत. रांग मागून सुरू होते."

आपण माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपणा सर्वांचे, अध्यक्ष महोदयांचे आणि पाच मिनिटांचं गणित सोडून दिलेल्या निवेदकांचे मी आभार मानतो. आनंदाच्या प्रसंगी तोंडातून भलतंसलतं गेलं असेल तर पदरात घ्यावं. आणि एका गैरसोयीची माफी मात्र आगाऊ मागून ठेवतो. उद्या टेकडीवर गाडी यायला उशीर होईल. चालकांना फोन करून घाई करू नये, ते खरोखरच रांगेत उभे असतील.

धन्यवाद.