चाबीची वही

…अन् काल तिसऱ्यांदा आले हो! दुपारचा जरा लवंडलो होतो, चष्मा काढून ठेवला होता, तं दारात हे दोघं उभे. लाल शाळेचे हेडमास्तर राजकुमार सर, अन् मागं काजल मॅडम, हातात फाईल. म्हणे, "शेषरावकाका, तेवढा वडिलांचा फोटो." तुमाले सांगतो, पोलीसही एवढ्या चकरा मारत नाहीत. शाळेले सव्वाशे वर्षं झाली, पुस्तक छापून राह्यले, त्यात शाळेचा इतिहास टाकून राह्यले. टाका ना. मी काय नको म्हणतो? पण मी चौथी पास माणूस, मले इतिहास काय इचारता?

तुमी म्हणसान, फोटोच तं मागतात, द्या अन् मोकळे व्हा. तसं नाही ना ते. त्याले काय नाव देऊन राह्यले माहीत आहे? 'श्री. पंजाबराव, मुख्याध्यापक, सन बेचाळीस ते त्रेचाळीस.' अन् माहा बाप शाळेत कोण होता? शिपाई. मीही शिपाई. अडतीस वर्षं घंटी वाजवली मी, त्याच्या आधी त्यानं वाजवली. आमच्या घरात मुख्याध्यापक फक्त पाणी प्याले आला होता, तोही एकदा.

मंग हे झालं कसं? ऐका. मी थोडक्यात सांगतो, मले जास्त बोलाची सवय नाही.

ही शाळा बांधली इंग्रजाच्या राज्यात. जानेफळची यष्टी जिथं वळते तिथून ती लाल भिंत दिसते, तीच. छत एवढं उंच, की मास्तर खाली ओरडला तं आवाज वर जाऊन कबुतरं उडत, पोट्टे काही उठत नसत. खिडक्या बावन्न. फक्त मुलांची शाळा. पोरी आत्ता आत्ता आल्या, अन् काजल मॅडम तं परवा. तं त्या पह्यल्या सायबानं एक कायदा करून ठेवला. दर महिन्याच्या पह्यल्या तारखेले हेडमास्तरनं बावन्न खिडक्या स्वतः मोजायच्या, मोठ्या दाराची चाबी आपल्या ताब्यात आहे असं एका वहीत लिहायचं, अन् खाली सही करायची. सायेब गेला, राज्य गेलं, वही काही गेली नाही. चाबीची वही. कोणी इचारलंच नाही, की काऊन मोजता बुवा खिडक्या, त्या काय उडून जाणार आहेत?

बेचाळीस साली हेडमास्तरची बदली झाली अन् नवा काही येईना. शाळेत दोन मास्तर मोठे. गणितवाले म्हणत, मी आधी लागलो. इंग्रजीवाले म्हणत, मी जास्त शिकलो. दोघंही चाबीले हात लावेनात, कारण चाबी घेतली तं सही करा लागे, अन् सही केली की दुसरा रुसे. एवढाले शिकलेले माणसं, एकमेकाकडे पाठ करून एकाच खोलीत डबा खात. मंग पह्यल्या तारखेले खिडक्या कोणी मोजल्या? माह्या बापानं. वहीत सही कोणी केली? बापानं. त्याले आपलं नाव तेवढं लिहिता येत होतं, जुन्या हेडमास्तरनं हात धरून शिकवलं होतं. अकरा महिने. अकरा सह्या. शाळा रोज उघडली, रोज भरली. मास्तर भांडत, पोट्टे शिकत, बाप घंटी वाजवे. मले सांगा, शाळेले अजून काय लागते?

नवा हेडमास्तर आला, बापानं चाबी दिली, इषय संपला.

पण चौऱ्याहत्तर साली हेडमास्तरांच्या नावाचा जुना फळा उधईनं खाल्ला. नवा कराचा ठरला, तं जुने नावं कोणाले आठवतात? मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, कलीम पेंटरले म्हणाले, चाबीच्या वहीतून उतरव, तिच्यात सारे आहेत. मी तेव्हा सुट्टीवर. माहंच लगीन होतं ना. आलो तं फळा लागलेला, अन् बरोबर मधात, पांढऱ्या रंगात, बापाचं नाव. मी कलीमले कोपऱ्यात घेतलं. तो म्हणे, "भाऊ, मेरेकू बाबूने बोला, वही में जो सही है वो लिख दे. मैंने लिख दिया. मेरा क्या कुसूर?" खरंच, त्याचा काय कुसूर? बाकी मास्तरांच्याही ध्यानात आलं नाही, कारण बापाले सारं गाव 'घंटीवाले बुवा' म्हणे. पंजाबराव हे नाव होतं ते फक्त सरकारच्या कागदावर.

मी बापाले घेऊन आलो. तो तेव्हा घरीच राहे. फळ्याखाली उभा राह्यला, लय वेळ पाह्यलं. सव्वीस नावं होती, त्यातलं त्याले एकच वाचता येत होतं.

म्हणाला, "हे चुकलं, शेषराव. हेडमास्तरले सांग, पुसून टाक म्हणा."

मी म्हणालो, सांगतो.

पण मंग दर बाजाराच्या दिवशी बाप शाळेत येऊ लागला. कधी म्हणे डबा आणला, कधी म्हणे पाणी पाजतं का. डबा मी सकाळीच नेलेला राहे. येऊन फळ्याखाली उभा राहे, नाव वाचे, अन् जाताना दर वेळी इचारे, "सांगितलं का रे?" मी म्हणो, उद्या सांगतो. तो म्हणे, "हाव. पण सांग." अन् पुढच्या बाजारी पुन्हा हजर. आता तुमीच सांगा, कोण सांगन? बाप गेला, अन् ती वही मी कपाटातून उचलून घरी ट्रंकेत ठेवली. चोरी म्हणा, काहीही म्हणा. नवी वही सुरू झालीच नाही, कोणी खिडक्याही मोजल्या नाहीत, अन् उडून एकही गेली नाही.

पन्नास वर्षं झाली या गोष्टीले.

अन् घरात वेगळीच तऱ्हा! आमच्या विमलबाईनं लगीन होऊन आल्या आल्या तो फळा पाह्यला. मी तिले तेव्हा खरं सांगितलं नाही, नवी नवरी होती, रुबाब दाखवला. ती माहेरची जानेफळची. तिनं साऱ्या जानेफळात सांगून ठेवलं, सासरे हेडमास्तर होते म्हणून. तिच्या माहेरी अजूनही मले पाट देतात, बाकी जावयांले सतरंजी.

तं काल हेडमास्तर म्हणाले, तुमचा सत्कार करू, 'माजी मुख्याध्यापकांचे चिरंजीव' म्हणून. तेव्हा मले बापाचा आवाज आला. सांगितलं का रे? रातभर डोळ्याले डोळा नाही, अन् सकाळी उठून ट्रंक उघडली. विमलबाईनं इचारलं, काऊन हो, कुठी चालले? मी तिलेही सारं सांगितलं. निसता चहा कमी साखरेचा आला.

शाळेत गेलो, वही टेबलावर ठेवली. म्हणालो, "पुसून टाका. माहा बाप शिपाई होता, हे त्यानंच सांग म्हटलं होतं. मले उशीर झाला."

राजकुमार सरांनी पह्यलं पान उघडलं. तिथं सायबाचा कायदा इंग्रजीत. वाचून दाखवला, मंग मराठीत सांगितला: ज्याच्या ताब्यात चाबी आणि ज्याची सही, शाळेची जबाबदारी त्याची. चष्मा पुसला अन् म्हणाले, "काका, नियमाप्रमाणे नाव बरोबर आहे. पुसता येत नाही. खाली 'शिपाई' लिहू, अभिमानानं लिहू."

मी डोळे पुसले. डोळ्यात कचरा गेला होता. त्या शाळेत कबुतरं फार. वाटलं, सुटलो बुवा. आता जाऊन विमलबाईले सांगावं, साखर वाढव.

पण ह्या काजल मॅडम! शिकलेलं माणूस स्वस्थ बसते का? पानं चाळतच राह्यल्या. चाळता चाळता थांबल्या. म्हणे, "काका, बहात्तर साली मुख्याध्यापक सहा महिने आजारी होते का? मग या सहा सह्या कोणाच्या?"

मी चष्मा लावला. पाह्यलं. अक्षर ओळखीचं होतं. माहं नाव फळ्यावर काऊन नाही म्हणता? कलीमले तेव्हाच इचारलं होतं मी, तो म्हणे, "भाऊ, सहीच वाचता नाही आली."

तुमाले सांगतो, मी चौथी पास माणूस, मले इतिहास काय इचारता… उद्या अकरा वाजता फोटो काढाले बोलावलं आहे. विमलबाई टोपी धुऊन राह्यली, अन् जानेफळले फोन मी घरी येताच गेला.