ऑडिटच्या दिवशीचा पंखा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय धायगुडेसाहेब, व्यासपीठावरचे आपल्या दवाखान्याचे डॉक्टर, आमच्या मंडळीचे पाळक, आणि समोर बसलेल्या पावडर कोटिंगच्या माझ्या सोबत्यांनो,

मघाशी माझ्या गळ्यात घातलेला निशिगंधाचा हार फार सुवासिक आहे, असं साहेब म्हणाले. साहेबांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. मला स्वतःला वास येऊन बरीच वर्षं झाली.

साहेब असंही म्हणाले, की योसेफमामांनी स्वखुशीने काम सोडलं. खुशी तर एवढी, की तिच्यापायी नाकाची दोन ऑपरेशनं करून घेतली.

आपले डॉक्टर मोठे मायाळू. नाक चोंदलं, घ्या अँटिबायोटिक. कपाळ ठणकलं, घ्या अँटिबायोटिक. जंतू आज ना उद्या सापडतील, ही आशा त्यांनी कधी सोडली नाही. शेवटी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "मामा, तुमचं दुखणं जंतूंचं नाही. पावडरची धूळ टोचली की नाकाचं अस्तर मदतीला हाक मारतं. रक्तातल्या पेशी धावून येतात. मारायला कुणी नसलं तरी त्या विष सोडतात, आणि भाजतं ते अस्तरच. भाजलेलं अस्तर पुन्हा हाक मारतं."

मी विचारलं, "मंग हे थांबायचं कवा?"

"औषधाने दबेल. पण धूळ चालू राहिली, तर नाकात वाढलेला कोंब काढला तरी परत येईल."

काढला. आला. परत काढला, परत आला. हजेरीत खाडा नाही हो त्याचा.

आता पाहुण्यांपैकी कुणी विचारील, लोखंडावर पावडर फवारतात त्या बूथमधली धूळ ओढायला पंखा नाही का? आहे की, चांगला दणकट आहे. सुरक्षेच्या ऑडिटच्या दिवशी फिरतो. एरवी त्याच्या आवाजात इनचार्जसाहेबांना मोबाइल ऐकू येत नाही. ऑडिटवाल्यांची नाकं ठणठणीत आहेत, हे सांगायला मला आनंद होतो.

वडिलांच्या जागी लेकराला घ्यायची आपल्याकडे रीत आहे. त्याप्रमाणे माझ्या लेकीला, फेथला, सोमवारपासून घेतल्याचं साहेबांनी जाहीर केलं. तुम्ही टाळ्याही वाजवल्या. जागा तीच, बूथ तोच. मी हळूच विचारलं, "साहेब, पंखा?" साहेब म्हणाले, "बघू."

गेल्या महिन्यात दूध उतू जाऊन शेगडी विझली, आन् गॅस तसाच सुटत राहिला. मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. फेथ अंगणातून धावत आली. "पप्पा, गॅस सुटलाय, वास न्हाई का येत?" न्हाई आला. त्या दिवशी मी घाबरलो, साहेब. अजून घाबरतो.

दबोरा, माझी बायको, गेल्यापासून घरात आम्ही बापलेक दोघंच. माझं काम सुटल्यावर लेकीचाही पगार आला नाही, तर घर कसं चालायचं, हे आम्हाला कळतं. तरी सकाळी दोघांनी बोलून ठरवलंय. आमच्या घरात धड नाक एकच उरलंय. ते बूथला द्यायचं नाही.

हाराबद्दल, शालीबद्दल आणि होणाऱ्या जेवणाबद्दल सगळ्यांचा आभारी आहे. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला. आणि सोबत्यांनो, ऑडिट नसताना पंखा फिरताना दिसला, तर मला तेवढं कळवा. लेक दुसऱ्या दिवशी हजर होईल.