तिएम्पो आणि दंडाचा चिवडा

मला सांगा, द्राक्षबाग असलेल्या बाईने आभाळ बघायचं की घड्याळ? लेकीने नवरा केला स्पेनचा. विहीणबाईंना स्पॅनिशशिवाय काही येत नाही, म्हणून या वयात मी नाशिकला क्लासला जाते. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांचा नियम असा, की उशिरा येणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चिवडा आणायचा.

मागच्या आठवड्यात सकाळीच आभाळ भरून आलं. बागेची फवारणी उरकून निघाले, तर पोचायला वीस मिनिटं उशीर. मॅडम दारातच म्हणाल्या, "काकू, चिवडा!"

मी म्हटलं, "अहो, तिएम्पो म्हणजे वेळ आणि तिएम्पो म्हणजेच हवामान, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग हवामानापायी वेळ चुकली, तर माझा काय गुन्हा?"

"हवामान तुमच्या शेतात, काकू. वर्गात तिएम्पो म्हणजे फक्त वेळ."

असा संताप आला! तरी नेला चिवडा. त्यातली सगळ्यात मोठी मूठ मॅडमचीच.

आणि काल? आम्ही सगळे वेळेवर हजर, मॅडमचाच पत्ता नाही. अर्ध्या तासाने छत्री झटकत आल्या. "काय बाई हे हवामान! रस्त्यावर केवढं पाणी!"

मी म्हटलं, "हवामान तुमच्या रस्त्यावर, मॅडम. वर्गात फक्त वेळ. उद्या चिवड्याबरोबर कांदा-लिंबूही आणा, मी आणलं होतं."